आबाजी कारकुनांचं भेव

आबाजी कारकुनांना भरलेल्या रकान्याचं काही वाटत नसे. 'उंदीर चार, आजारी एक' असं लिहिलेलं दिसलं की ते शांतपणे टाक उचलत, आकडा उतरवून घेत आणि पुढल्या गल्लीकडे वळत. मोकळा रकाना दिसला की मात्र त्यांच्या हाताला कापरं भरे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेच्या ओसरीवर, माझ्याच हातचं रजिस्टर उघडून ते बसले होते आणि पेठेच्या गल्लीपुढं मी ओळीनं काढलेल्या शून्यांवर बोट ठेवून विचारत होते, "मास्तर, अठी काऊन काई नाई?"

"काही पडलं नाही म्हणून," मी म्हणालो.

"तीन हप्ते? एकबी उंदीर नाई?"

"नाही."

"मंग मले भेव वाटते बावा," ते म्हणाले आणि खरोखरच धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसू लागले. पौषातली सकाळ, अंगावर काटा आणणारी थंडी, आणि या माणसाला घाम! मला हसू आलं. पंचविशीतला मी, ट्रेनिंग करून आलेला, सगळं समजतं अशी खात्री असलेला. शून्याला भिणारा कारकून मी तोवर पाहिला नव्हता. चिखलीच्या तहसिलीत त्यांना 'भेकड आबाजी' म्हणत हे मला नंतर कळलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अमडापूरहून दोन कोसांवर होतं एवढं पुरे. ती घरं अजून आहेत आणि त्यांच्यातल्या कितीकांना वाचायला मीच शिकवलं आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघत, बुलढाण्याला मुक्काम करत, चिखलीला येत आणि तिथून आबाजींच्या पिशवीत बसून पायी आमच्या गावात पोचत. दिवाळी सरली की गाठीच्या रोगाची धास्ती सुरू होई. आधी घरात उंदीर मरून पडत, मग माणसं. उंदीर पडला की घर सोडायचं, कवलं काढून घरात ऊन पाडायचं आणि मळ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांची नि तुरीच्या तुराट्यांची झोपडी घालून राहायचं, एवढा एकच उपाय लोकांना आणि सरकारला ठाऊक होता. मी शाळामास्तर, म्हणजे गावातला लिहिणारा. त्यामुळं कोणत्या गल्लीत किती उंदीर पडले याचं रजिस्टर माझ्याकडे. आबाजी प्लेगचे कारकून. दर आठवड्याला येऊन माझे आकडे मोठ्या तक्त्यात उतरवणं हे त्यांचं काम.

तो तक्ता प्लेगच्या साहेबांनी स्वतः आखलेला होता. साहेब गोरे नव्हते, आपलेच होते. पुण्याकडे शिकलेले, फार हुशार, आणि खरं सांगायचं तर मनानंही वाईट नव्हते. एकदा त्यांनी आसपासच्या गावांतल्या आम्हा मास्तरांना चावडीत जमवून तो तक्ता भिंतीवर टांगला आणि छडीनं समजावून दिला. गल्ली, घरं, उंदीर, आजारी, उपाय. एका गल्लीत आठवड्यात दोन उंदीर पडले की गल्ली खाली करायची आणि गावचा बाजार बंद.

"यात तुम्हाला डोकं चालवायची गरजच ठेवलेली नाही," साहेब म्हणाले. "गाव म्हणजे एक यंत्र आहे. या बाजूनं आकडा आत गेला की त्या बाजूनं उपाय बाहेर येतो. काही शंका?"

साहेबांना शंका विचारायची असते हे आम्हाला कुठं ठाऊक! मागं उभे असलेले आबाजी मात्र म्हणाले, "सायेब, एक हाये."

"बोला."

"उंदराले मालूम नाई का आपन त्याले मोजून राह्यलो. मानसाले मालूम असते."

"मग?"

"मंग काई नाई सायेब. तक्त्यात असं धरलं हाये का गावाले तक्ता दिसत नाई. पन थो तं चावडीतच टांगला हाये."

मंडळी हसली. साहेबही हसले, पण त्यांनी उत्तर दिलं. म्हणाले, "आबाजी, सुटा माणूस लबाडी करील. शंभर माणसांची बेरीज लबाडी करत नाही. शास्त्राचा हाच तर आधार आहे." मला ते इतकं पटलं की मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. आबाजींना पटलं नाही. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, मी माळ्याचा मानूस. वाफ्याले पानी सोडलं का थे उतारानं जाते. पान्यासाठी तक्ता करा, बराबर येईन. मानसाले आपन म्हनलं का हा उतार हाये, तं थो थांबून पाह्यते का उतार कोनं केला अन् काऊन केला."

तर त्या पौषातल्या सकाळी माझी शून्यं पाहून आबाजी उठले. "चला, पेठीत जाऊन येऊ." पेठ म्हणजे आमच्या गावची बाजाराची गल्ली. माझी धाकटी बहीण सरू त्याच गल्लीत दिलेली होती. सासरे बळीरामजी कापडाचे दुकानदार, घरची शेतीही होती. सरूचा नवरा खामगावला जिनिंगमध्ये कामाला, महिन्यातून एकदा घरी येई. बहीण या गावात आहे म्हणून तर मी ही बदली मागून घेतली होती.

आबाजींनी पेठेत कोणालाही उंदराबद्दल विचारलं नाही. या घराच्या ओट्यावर बसले, पाणी मागितलं. त्या घराच्या ओट्यावर बसले, पान खाल्लं. बोलणं सगळं कापसाच्या वेचणीचं आणि गुडघेदुखीचं. मधेच सहज विचारायचे, "सूनबाई दिसत नाई घरात?" कोणी म्हणे माहेरी गेली, भाऊ आजारी आहे. कोणी म्हणे माहेरी गेली, तिथं लग्न आहे. मला तर शरम वाटू लागली. परक्याच्या सुनांची ही कसली चौकशी! गल्लीच्या टोकाला येऊन ते थांबले. चेहरा पांढरा पडलेला.

"पाच सुना नाईत गल्लीत," ते म्हणाले. "मास्तर, पुसात सून माहेरी कोन धाडते?"

मी चपापलो. खरंच की. पौष महिन्यात आमच्याकडे कोणी शुभ काम करत नाही. लेकीबाळींना न्यायचं ते दिवाळीला, आखाजीला. पौषात लग्न तरी कुठलं असणार?

"तुमची सरूबाई बी गेली ना धाडले?" धाड हे आमचं गाव. आईवडील तिथंच असत.

"गेली. आईला बरं नाही म्हणून."

"आईले बरं नाई हे तुमाले कोनं सांगतलं?"

"बळीरामजींनी."

"म्हंजे तुमच्या मायच्या तब्येतीची खबर तुमाले बहिनीचा सासरा देते?"

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. घरात उंदीर पडला की दुकानदार तोंडानं कबूल करणार नाही, कारण कापसाच्या दिवसांतला बाजार बंद झाला तर वर्षभर काय खायचं? पण घरातली तरणी सून तो गुपचूप बाहेर काढणार. तोंड खोटं बोलत होतं आणि सुना खरं सांगत होत्या. आबाजींनी पाटलाला बरोबर घेतलं, घरांच्या धान्याच्या खोल्या उघडायला लावल्या. बळीरामजींच्या कणगीमागं तीन उंदीर निघाले, शेजारी आणखी. दुसऱ्या दिवशी पेठ खाली झाली. महिनाभर अख्खी गल्ली मळ्यातल्या झोपड्यांत राहिली आणि त्या साली पेठेत एक म्हातारी सोडली तर कोणी गेलं नाही.

त्या झोपड्यांच्या बाजूला बांधावर बसून आबाजींनी मला त्यांची हकिगत सांगितली. ते पिंपळगाव राजाचे. पहिल्या प्लेगात त्यांच्या घरातली चार माणसं गेली. आई, दोघे भाऊ आणि एक भावजय. "सरकारी कागदात आमचं घर निरोगी होतं मास्तर. माह्या बापानंच तसं सांगतलं. माहा बाप खोटारडा नव्हता. त्याच्या वांग्याचा हंगाम होता." मग म्हणाले, "सायेबाच्या तक्त्यात घर म्हंजे एक. पन एका घरात सासरा कशाले भेते अन् सून कशाले भेते, हे एक नसते. बापाले बाजाराचं भेव होतं. मायले पिलेगचं होतं. मायले कोनी इचारलंच नाई."

उठताना त्यांनी माझा हात धरला. "सुनांचं कोनाले सांगू नोका. लोकायले समजलं का हे बी मेलं."

मी मानेनं हो म्हटलं. आणि पुढल्या दिवाळीत सांगून टाकलं.

भाऊबीज होती. सरूनं पाट मांडला, ओवाळलं, पानात अनरसे आणि गोड शेव वाढली. बळीरामजी समोर बसून आग्रह करत होते. व्याह्याकडचा आग्रह, पोट भरलेलं, मन खूश. बोलता बोलता ते म्हणाले, "काहो मास्तर, त्या आबाजीले समजलं कसं? मंतर-बिंतर हाये काय त्याच्यापाशी?"

"मंतर कसला!" मी म्हणालो. आता लिहितानाही जीभ हासडावीशी वाटते. "साधी गोष्ट आहे. डोकं चालवलं की समजतं." आणि शाळेत उदाहरण सोडवून दाखवावं तसं मी सगळं सांगितलं. पौष, माहेर, सुना. बळीरामजी हसले नाहीत, दचकले नाहीत. नुसतं पानाचं तबक माझ्यापुढं सरकवलं. मी मोठ्या रुबाबात घरी आलो.

पौष लागला. आबाजी आले. पेठेपुढं शून्य, मागच्यासारखंच. ते गल्लीत जाऊन आले आणि ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

"सगळ्या सुना घरी हायेत," ते म्हणाले.

"मग बरंच झालं की!"

"एकबी गेली नाई मास्तर. पुसात बी एखादी जातेच. कोनाचं बाळंतपन राह्यते, कोनाचा बाप मरते. एवढ्या घरांतून एकबी नाई?" मग माझ्याकडे पाहून अगदी हळू विचारलं, "कोनाले सांगतलं?"

मी रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं. तेवढ्यानंच त्यांना कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "आपली सरूबाई तठीच हाये ना?"

तेव्हा मला भीती म्हणजे काय ते समजलं. मागच्या साली बळीरामजींनी भिऊन का होईना, सरूला धाडला पाठवलं होतं. यंदा पाठवलं नाही. म्हणजे गल्लीत रोग नाही म्हणून नव्हे. ती गेली तर आबाजीला कळेल म्हणून! माझ्या बहिणीची सुटायची एकच वाट होती आणि ती मी अनरसे खाता खाता बंद करून आलो होतो.

आम्ही दोघं बळीरामजींकडे गेलो. घर नुकतंच शेणानं सारवलेलं, ओल अजून वाळली नव्हती. "मास्तर, अठी काई नाई," बळीरामजी म्हणाले. "पाहा ना, घर कसं लख्ख हाये." मी म्हणालो, आईला सरूची आठवण येते, चार दिवस नेतो. "पुसात?" ते म्हणाले. "पुसात सून धाडली तं लोकं काय म्हनतीन?" आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. सरू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "सगळं बरं हाये दादा," ती म्हणाली. एवढंच. पण पदराचं टोक तिनं मुठीत असं काही आवळलं होतं की लहानपणी आमच्या विहिरीत डोकावताना ती माझा सदरा धरायची तेच मला आठवलं.

कणग्या आधीच उघडून ठेवल्या होत्या, आत काही नव्हतं. पाटीलही यंदा हात वर करून मोकळा झाला. मागच्या साली बाजार बंद पडल्याबद्दल त्याला गावाचे बोल खावे लागले होते. दोन उंदीर कागदावर असल्याशिवाय गल्ली खाली करायचा हुकूम निघत नव्हता.

शाळेत परत आल्यावर आबाजींनी रजिस्टर मागितलं. पेठेची ओळ काढली. माझ्या शून्यावर रेघ मारली आणि त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'उंदीर दोन'. खाली त्यांची सही केली.

"आबाजी, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. "आयुष्यात पयलं." आणि त्यांच्या हाताचं कापरं थांबलेलं मी पाहिलं.

पेठ खाली झाली. बाजार बंद झाला. बळीरामजींनी चिखलीला अर्ज केला की कारकुनानं नसलेले उंदीर दाखवून गावाचा घात केला. इकडं झोपडीत, सासू पाण्याला गेल्यावर, सरू मला म्हणाली, "दादा, सात पडले होते. सासूबाईनं चुलीत घातले. मले आंघोयीच्या पान्यातबी त्याचा वास ये. मी रोज काखेत हात घालून पाहो, गाठ तं नाई म्हनून." मग माझे पाय धरले. "पन हे कोनाले सांगजो नोको. मले याच घरात राहा लागते."

साहेब स्वतः चौकशीला आले. मी सकाळीच आबाजींना गाठून सरूचं सांगितलं. म्हटलं, तिची साक्ष काढू, तुम्ही सुटाल. ते एकदम चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "सासूनं उंदीर चुलीत जायले हे सुनेच्या तोंडून सायेबाच्या कागदावर घ्याचं? मंग ती उद्या कोन्या घरात जेवीन? तिचं नाव निघालं तं मी तुमाले ओळख देनार नाई."

चावडी भरली होती. साहेबांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही ते दोन उंदीर पाहिले?"

"नाही," मी म्हणालो. खरं तेच बोललो.

"आबाजी, तुम्ही?"

"नाई सायेब."

"मग लिहिले कशाच्या आधारावर?"

"भेव वाटलं म्हनून."

कोणी हसलं नाही. साहेबांनी कागद चाळले. "गल्ली खाली होऊन पंचवीस दिवस झाले. झोपड्यांत एकही माणूस आजारी नाही. म्हणजे पेठेत प्लेग नव्हता, हे सिद्ध झालं."

"सायेब, गल्ली खाली केली म्हनून कोनी आजारी नाई."

"हे तुम्ही सिद्ध कसं करणार?"

आबाजी विचारात पडले. खरंच विचारात पडले, शंका आली की पडत तसे. मग म्हणाले, "सिद्ध कराले कोनाले तरी घरात ठेवा लागलं असतं सायेब."

साहेबांनी कागद मिटले. त्यांना ते समजलं होतं असं मला आजही वाटतं. पण त्यांच्या तक्त्यात खोटा आकडा घातला गेला होता, आणि एक आकडा खोटा म्हटल्यावर सगळ्याच आकड्यांचा भरवसा जातो हेही खरंच होतं. आबाजींची नोकरी गेली. जाताना मी त्यांना गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत पोचवलं. मी रडत होतो. ते म्हणाले, "रडू नोका. तुमची नोकरी राह्यली हे लय बेस झालं. अठी रजिस्टर लिहाले एक तं भेनारा मानूस पाह्यजे." छत्री काखेत मारून ते चालू लागले.

तिसऱ्या वर्षी नवा कारकून आला. हसतमुख, चटपटीत. मोकळे रकाने पाहून खूश व्हायचा. मला मात्र दिवाळीपासूनच जेवण गोड लागेना. रस्त्यात मांजर मलूल दिसली तरी मी थांबून पाही. आणि पौषात एका दुपारी, मुलांना पाढे म्हणायला लावून मी दारात उभा असताना बळीरामजी आले. मला शाळेमागं नेलं. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"मास्तर, सरूले घेऊन जा," ते म्हणाले. "आजच जा. गल्लीत पडून राह्यले. आमच्याकडं पाच झाले."

"मग लिहितो मी. गल्ली..."

"लिहू नोका!" त्यांनी हात जोडले. "यंदा बाजार गेला तं मी उठत नाई. पोर तुमची घेऊन जा, मी अडवत नाई. पन लिहिलं तं मी म्हनीन का मास्तरबी त्या आबाजीसारखाच खोटं लिहिते. उंदीर तुमाले दाखवीन कोन?"

मी हो म्हणालो. मला हो म्हणायला किती वेळ लागला असेल? मुलांचा तेराचा पाढासुद्धा संपला नव्हता.

रजेची चिठ्ठी लिहिली. आठवड्याचं रजिस्टर भरायचं होतं. पेठेपुढं शून्य काढलं. आणि सरूला बैलांच्या दमणीत बसवून चिखलीचा मुक्काम करून धाडला पोचवलं. आईनं तिला मिठी मारली तेव्हा मला वाटलं, सुटलो बुवा. दोन दिवस पोटभर झोपलो.

परत आलो तेव्हा पेठेत बळीरामजींच्या घरापुढं माणसं जमली होती. आधी सरूची सासू गेली, चौथ्या दिवशी बळीरामजी. मग कासाराची म्हातारी, मग शिंप्यांचे दोघं भाऊ. नवा कारकून धावत आला, गल्ली खाली केली, पण तोवर रोग घरोघर शिरला होता. माझ्या शाळेच्या हजेरीतून तीन नावं कमी झाली. मला कोणी काही विचारलं नाही. रजिस्टर बरोबर होतं. उंदीर कोणी आणून दाखवले नव्हते, म्हणून शून्य.

होळी झाल्यावर मी पिंपळगाव राजाला गेलो. आबाजी कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत होते. अंगात बंडी, हातात फावडं, पिंडऱ्यांपर्यंत चिखल. मला पाहून इतके आनंदले की फावडं टाकून तसेच ओल्या हातांनी येऊन भेटले. मी दुसरं काही बोलायच्या आधी सांगून टाकलं, "आबाजी, यंदा फार मोठा प्लेग झाला. पण सरू वाचली. मी तिला आधीच धाडला नेलं."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "लय बेस झालं. लय बेस केलं मास्तर." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, यासाठीच मी आलो होतो.

मग ते म्हणाले, "तुमाले समजलं कसं?"

"बळीरामजींनीच येऊन सांगितलं. लिहू नका म्हणाले."

"अन् मंग? गल्लीतल्या बाकीच्यायले तुमी काय सांगतलं?"

रजिस्टरात लिहायचं नव्हतं, कबूल. पण कासाराच्या ओट्यावर बसून पाणी मागता आलं असतं. शिंप्याच्या कानात एक शब्द सांगता आला असता. शाळेतल्या त्या तीन मुलांना मळ्यात जाऊन राहा म्हणता आलं असतं. हे माझ्या तोवर मनातच आलं नव्हतं, हे त्यांना माझ्या तोंडावरून दिसलं असावं.

वाफा भरून पाणी बांधावरून वाहू लागलं होतं. तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना, "तुमाले त्या दिवशी कायचं भेव वाटलं?"

बळीरामजींचं वाटलं होतं. नोकरीचं वाटलं होतं. लोक खोटारडा म्हणतील याचं आणि सरूच्या जिवाचं वाटलं होतं. एवढी सगळी भेवं माझ्याजवळ होती, आणि त्यांत पेठेतलं एकही माणूस नव्हतं. आबाजी फावडं उचलून पाणी वळवायला गेले, आणि मी तिथंच बांधावर खाली बसलो.